टायर बदलले आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, कंपनीतून आलेले १६५/८० आर१४ (म्हणजे १६५ मिमी रुंद, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के उंच, रिम १४ इंची) टायर पूर्ण झिजलेले, ते काढून अलॉय व्हीलसकट नवीन १८५/६५ आर१५ टाकले आणि अ‍ॅव्हरेज साडेअठरावरून पावणेसतरावर आलं. टायरवाला म्हणतो सेट झाले की परत येईल, मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर साफ करा. टायरने खरंच एवढा फरक पडतो का, आणि पुढच्या वेळी कुठले घ्यायचे?

पडतो दादा. इंजेक्टरला हात लावायच्या आधी टायरचा हिशोब पूर्ण करा, कारण तुमच्या केसमध्ये तीन-चार गोष्टी एकाच दिवशी बदलल्यात आणि त्यातली एक तर नुसती मीटरची आहे, तिथे पेट्रोल जास्त जळतच नाहीये. मी बरीच वर्षं टायरच्या रबर कंपाउंडिंगमध्ये (रबराचं मिश्रण, म्हणजे कंपाउंड, बनवण्यात) आणि टेस्टिंगमध्ये काढली, आता ट्रकवाल्यांचे टायर बघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी मीटरचं. नवीन टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, झिजलेल्याची दोनच्या आसपास राहते, म्हणजे व्यास १२ मिमीने कमी झालेला असतो. तुमच्या साइजचा व्यास साधारण ६२० मिमी आहे, जुन्याचाही आणि नव्याचाही, १४ वरून १५ वर गेलात तरी बाहेरचा व्यास जवळपास तोच आहे, ते दुकानदाराने बरोबर केलंय. पण झिजलेलं चाक छोटं असल्यामुळे त्याच अंतरात जास्त फेरे मारत होतं, ओडोमीटर फेरेच मोजतो, म्हणून तो तुम्हाला किलोमीटर जास्त दाखवत होता. कागदावर हा फरक दोन टक्के येतो, रेडियल टायरच्या आत पोलादी बेल्ट असतो त्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी पडतो, दीड टक्का धरा. म्हणजे जुने साडेअठरा हे मुळात सव्वाअठराच होते.

आता खरा मुद्दा. रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे फिरणारा टायर गाडीला मागे ओढतो तो विरोध, म्हटलं की बहुतेकांना वाटतं टायर रस्त्याला घासतो म्हणून गाडी जड जाते, तसं नाहीये. घासण्याचा वाटा अगदी छोटा. टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे तो गाडीच्या वजनाने चपटा होतो, फिरून वर गेला की परत गोल होतो, ८० च्या स्पीडला प्रत्येक चाकात हे सेकंदाला अकरा-बारा वेळा चालू असतं. रबर दाबायला जेवढी ताकद लागली तेवढी ते सुटताना परत देत नाही, मधली जी राहते ती उष्णता होते. याला हिस्टेरेसिस म्हणतात आणि रोलिंग रेझिस्टन्सचा ८० ते ९५ टक्के भाग हाच असतो. हायवेवरून उतरल्यावर टायरला हात लावून बघा, जो गरमपणा लागतो त्यात ऊन आणि रस्ता असतोच, पण बराचसा भाग तुमच्या पेट्रोलचा असतो.

आकडे बघू म्हणजे अंदाज येईल. माणसांसकट गाडी १,२०० किलोची धरा आणि टायरचा रोलिंग रेझिस्टन्स दर टनाला १० किलो, जो साध्या कार टायरचा ठीकठाक आकडा आहे. मग चार टायर मिळून गाडीला कायम १२ किलोने मागे ओढतायत, सपाट रस्त्यावर, गाडी चालू आहे तोपर्यंत. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, टायरचा जवळजवळ तसाच राहतो, आणि हिशोब केला तर अशा गाडीला ताशी ६० च्या आसपास दोन्ही सारखे येतात. त्याच्या खाली टायर मोठा खर्चिक, वर हवा. आता आपल्याकडे किती लोक रोज साठच्या वर चालवतात? कात्रज ते हिंजवडी किंवा ठाणे ते अंधेरी करणाऱ्या माणसासाठी टायर हा हवेपेक्षा कितीतरी मोठा विषय आहे, पण गाडी घेताना कोणी विचारत नाही.

सर्वसाधारण नियम असा की कारमध्ये टायरचा रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के कमी झाला तर इंधन १ ते २ टक्के वाचतं. उलटंही तसंच.

झिजलेला टायर हा नव्यापेक्षा हलका फिरतो, हे ऐकायला विचित्र वाटेल पण कारण सरळ आहे, वाकणारं, दबणारं रबरच कमी झालेलं असतं. एकूण उष्णतेतला निम्म्याहून जास्त हिस्सा वरच्या ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या थरात, तयार होतो आणि तो ट्रेडच झिजून पातळ झालाय. आयुष्य संपताना टायरचा रोलिंग रेझिस्टन्स नवा असतानापेक्षा २० ते ३० टक्के कमी असू शकतो. म्हणजे तुम्ही ज्याच्याशी तुलना करताय तो तुमच्या गाडीचा सगळ्यात हलका काळ होता (आणि पावसात सगळ्यात धोकादायक). तोच कंपनीचा टायर, तीच साइज नवीन टाकली असती तरी अ‍ॅव्हरेज दोन ते चार टक्के पडलंच असतं. दुकानदार म्हणतो सेट होईल, त्यात थोडं तथ्य आहे, पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये जरा सुधारतं, पण पावणेसतराचं साडेअठरा होणार नाही.

दुसरं म्हणजे गाडीबरोबर कंपनीतून येतो तो टायर आणि दुकानातून घेतलेला टायर, नाव आणि नक्षी सारखी दिसली तरी आत सारखे असतीलच असं नाही. गाडी कंपनीला स्वतःचे मायलेजचे आकडे आणि सरकारचे इंधनवापराचे नियम सांभाळायचे असतात, म्हणून ती टायर कंपनीकडून रोलिंग रेझिस्टन्सचा आकडा ठरवून घेते. दुकानातल्या गिऱ्हाईकाला काय हवं असतं, तर टायर जास्त चालावा, कट लागू नये, आवाज कमी यावा. टायर कंपनी त्याप्रमाणे बनवते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे जास्त जाणवतं, त्यांच्या गाडीत इंजिनची उष्णता वाया जात नाही, ब्रेकची थोडी ऊर्जा परत मिळते, मग उरलेल्या खर्चात टायरचा वाटा मोठा दिसतो आणि टायर बदलला की रेंज खाली आल्याची तक्रार येते.

आता तो रबराचा विषय, माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा. लॅबमध्ये एक साधी टेस्ट असते, रिबाउंड. रबराच्या छोट्या जाड चकतीवर ठराविक उंचीवरून लोलक सोडायचा आणि तो किती टक्के परत उसळतो ते बघायचं. जेवढा कमी उसळला तेवढी ताकद रबराने आत खाल्ली. आता गंमत बघा, आम्ही तीच चकती दोनदा तपासायचो, एकदा खोलीच्या तापमानाला आणि एकदा ओव्हनमधून ७० डिग्रीला काढून लगेच. थंड असताना कमी उसळली तर ओल्या रस्त्यावर पकड चांगली असण्याची शक्यता, कारण ब्रेक मारताना आपल्याला रबराने ताकद खायलाच हवी असते. गरम असताना जास्त उसळली तर रोलिंग रेझिस्टन्स कमी, कारण चालता टायर गरम असतो. जुन्या पद्धतीच्या कंपाउंडमध्ये हे दोन्ही आकडे हातात हात घालून चालायचे, एक सुधारला की दुसरा बिघडायचा. चांगल्या सिलिका (वाळूतलाच घटक, बारीक पांढरी पूड) कंपाउंडची चकती मात्र थंड असताना मेल्यासारखी पडते आणि ओव्हनमधून काढली की जिवंत होते. नवीन पोरांना मी आधी हेच दाखवायचो, ग्राफ नंतर.

हे होतं कसं तर, टायरच्या रबरात ताकदीसाठी कार्बन ब्लॅक घालतात, टायर काळा असतो तो त्यामुळे. त्याचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना धरून आत जाळं करतात, टायर दबला की जाळं तुटतं, सुटला की परत जुळतं, आणि ह्या तोडजोडीत उष्णता जाते. १९९२ मध्ये मिशेलिनने कार टायरच्या ट्रेडमध्ये कार्बन ब्लॅकच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरून टायर बाजारात आणला, तेव्हापासून सगळा धंदा बदलला. सिलिकाचं रबराशी मुळात पटत नाही, म्हणून मध्ये सिलेन नावाचं रसायन घालतात, त्याचं एक टोक सिलिकाला चिकटतं आणि दुसरं रबराला. कण रबराला पक्के बांधले गेले की आपापसात जाळं कमी करतात. पण मिक्सिंग फार नाजूक आहे, मिक्सरमध्ये तापमान १५० च्या आसपास धरून ठेवावं लागतं, कमी राहिलं तर सिलेनची रिअ‍ॅक्शन अर्धवट राहते, जास्त गेलं तर रबर मिक्सरमध्येच पिकायला लागतं, शिवाय रिअ‍ॅक्शनमध्ये अल्कोहोल सुटतं त्याची वाफ बाहेर काढायला लागते. म्हणून नुसतं ‘सिलिका’ लिहिलंय म्हणून टायर चांगला असं नसतं, किती घातली आणि मिक्सिंग कसं झालं यावर सगळं आहे, आणि ते तुम्हाला दुकानात दिसत नाही. दिसतो तो टेस्टचा आकडा, त्याच्याकडे येतो.

त्याआधी रुंदीचं. लोकांना वाटतं रुंद टायर म्हणजे आपोआप जास्त विरोध. हवेचा दाब आणि वजन तेच असेल तर रस्त्याला टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ फार बदलत नाही, रुंद टायरमध्ये तो भाग आडवा जास्त आणि लांबीला कमी होतो, त्यामुळे नुसत्या रुंदीने रोलिंग रेझिस्टन्स वाढतोच असं नाही, कधी कमीही येतो. पण प्रत्यक्षात रुंद टायरबरोबर रबर जास्त येतं, वजन वाढतं, हवेला समोरून जास्त अडतं, आणि रुंद साइज बहुतेक वेळा पकडीसाठी बनवलेली असते म्हणून कंपाउंडही मऊ. बीएमडब्ल्यूने आय३ ही इलेक्ट्रिक गाडी काढली तेव्हा मुद्दाम १५५/७० आर१९ असे उंच आणि अरुंद टायर दिले होते, व्यास मोठा म्हणजे टेकताना टायरला कमी वाकायला लागतं आणि अरुंद म्हणजे हवेला कमी अडतं. तुम्ही व्यास तोच ठेवून २० मिमी रुंदी वाढवलीत, म्हणजे फायदा काही नाही, तोटा सगळा घेतलात. स्टॉप-गो ट्रॅफिकमध्ये अलॉय आणि टायर मिळून वजन वाढलं असेल तर तेही दर सिग्नलला जाणवतं.

साइडवॉल पातळ केली तरी रोलिंग रेझिस्टन्स कमी होतो, युरोपात करतात, आपल्याकडे तो टायर पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यात आपटून साइडला फोड येऊन दुकानात परत येईल. नक्षी कमी खोल ठेवली तरी आकडा सुधारतो, पण आयुष्य तेवढंच कमी होतं, म्हणून ‘इको’ टायर घेताना नवीन असताना नक्षीची खोली किती ते विचारायचं. आणि शहरात फिरणाऱ्या एसयूव्हीला मोठ्या गोट्यांचे ऑल-टेरेन टायर लावणाऱ्यांनी अ‍ॅव्हरेजबद्दल बोलूच नये, प्रत्येक गोटा रस्त्याला टेकताना वळवळतो आणि गरम होतो.

हवा. तुम्ही लिहिलंय की नवीन टायरमध्ये नायट्रोजन २८ पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) ठेवलाय, गाडी मऊ चालते म्हणून, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरला ३३ लिहिलंय. हेच ते. हवा कमी म्हणजे टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबणार. चारही टायरमध्ये १ पीएसआय कमी झाला की साधारण ०.२ टक्के इंधन जास्त, म्हणजे तुमचे पाच पीएसआय म्हणजे एक टक्का, वर कडा लवकर झिजणार ते वेगळंच. नायट्रोजनने रोलिंग रेझिस्टन्समध्ये काहीही फरक पडत नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, फक्त तो थोडा हळू सुटतो. टायर थंड असताना, सकाळी गाडी काढायच्या आधी मोजा, कारण दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय वाढतो आणि पंपावर गरम टायरमध्ये ३३ भरले तर थंड झाल्यावर ते ३३ राहत नाहीत. आणि उलट टोकाला जाऊन ४० भरू नका, टायर मधूनच झिजेल आणि ओल्यात ब्रेक लांब जाईल.

छोट्या फेऱ्यांचंही एक असतं, कार टायरला पूर्ण गरम व्हायला अर्धा तास लागतो आणि तोपर्यंत रोलिंग रेझिस्टन्स जास्त असतो, म्हणून रोज चार किलोमीटर जाणाऱ्याने कितीही भारी टायर घेतला तरी त्याला पूर्ण फायदा दिसणार नाही.

ट्रकवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी, कारण खरे पैसे तिथे आहेत. कारमध्ये १० टक्क्याला १-२ टक्के वाचतात, लोडेड ट्रेलरमध्ये तेच ३ टक्क्यांच्या आसपास जातं, वजन जास्त, टायर जास्त आणि स्पीड कमी म्हणून. वर्षाला एक लाख किलोमीटर, साडेतीनचं अ‍ॅव्हरेज म्हणजे २८,५०० लिटरच्या वर डिझेल, त्याचे ३ टक्के म्हणजे साडेआठशे लिटर, ९० रुपयांनी धरलं तरी पाऊण लाखाच्या वर एका गाडीमागे. आपल्याकडे अजून ‘नायलॉन’ टायर चालतात, म्हणजे क्रॉस-प्लाय, त्यात दोरांचे थर तिरपे एकमेकांवर असतात आणि टायर दबला की ते एकमेकांवर सरकतात, उष्णता तिथेच. रेडियलमध्ये दोर टायरच्या रिमवर बसणाऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, वरून पोलादी बेल्ट, त्यामुळे साइडवॉल वेगळी वाकते आणि ट्रेड वेगळा सपाट राहतो. ही रचना मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट केलेली. नायलॉनवाले सांगतात की ओव्हरलोड सहन करतो, खाणीच्या रस्त्याला, डंपरला ते मी मान्य करतो, पण मुंबई-बंगळुरू लाइनवर नायलॉन लावणारा माणूस टायरमध्ये वाचवलेले पैसे पंपावर परत देतोय. ट्रेलरच्या मागच्या एक्सलना लग (आडव्या जाड गोट्यांचे) टायर लावू नका, तिथे ओढ नसते, रिब (लांबीला सरळ पट्ट्यांचे) लावा. आणि रिट्रेड करताना, म्हणजे जुन्या टायरवर नवा ट्रेड चढवताना, फक्त नक्षी बघू नका, कंपाउंड कुठलं आहे ते विचारा, चांगला केसिंग (टायरचा मूळ सांगाडा) आणि खराब रबर म्हणजे सगळं पाण्यात. जड ट्रकच्या ट्रेडमध्ये मुख्यतः नैसर्गिक रबर आणि कार्बन ब्लॅकच असतं, सिलिकाचा कारसारखा सरळ फायदा तिथे मिळत नाही.

आता घ्यायचं कसं. रोलिंग रेझिस्टन्स मोठ्या ड्रमवर मोजतात, कारचा टायर ८० च्या स्पीडला, त्याच्या कमाल वजनाच्या ८० टक्के भार देऊन, आधी अर्धा तास फिरवून गरम करून. युरोपच्या लेबलमध्ये कार टायरला दर टनाला ६.५ किलो किंवा कमी असेल तर ए, ७.७ पर्यंत बी, ९ पर्यंत सी, १०.५ पर्यंत डी आणि त्याच्या वर ई. भारतात टायरसाठी सरकारचे एआयएस-१४२ नियम आले, २०२२ च्या ऑक्टोबरपासून नवीन डिझाइनला आणि २०२३ च्या एप्रिलपासून चालू डिझाइनलाही, त्यात रोलिंग रेझिस्टन्स, ओल्यावरची पकड आणि आवाज तिन्ही आहेत. बीईईचं (सरकारची ऊर्जाबचतीची संस्था) फ्रिज-एसीसारखं स्टार लेबल टायरलाही आहे. दुकानात हे विचारा, नसेल सांगता येत तर त्याच मॉडेलचं युरोपचं लेबल शोधा, पण साइज तीच बघा कारण साइजप्रमाणे अक्षर बदलतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. इंधनाचं अक्षर बघताना शेजारचं ओल्या पकडीचं अक्षर आधी बघा. स्वस्तात रोलिंग रेझिस्टन्स कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे थंड असतानाही उसळणारं रबर वापरणं, तसा टायर वरंध्याला किंवा अंबोलीला पहिल्या पावसात ब्रेक मारताना काय करतो ते मी टेस्टिंगमध्ये पाहिलेलं आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर, पंधराचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे ८०० लिटर, चांगल्या टायरने ३ टक्के वाचले तर २४ लिटर, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. चांगली रक्कम आहे, टायरच्या आयुष्यात आठ-दहा हजार होतात, पण त्यासाठी ओल्यातलं एक अक्षरसुद्धा खाली जाऊ नका. दोन्हीत चांगले असलेले टायर मिळतात, महाग असतात, आणि वरचा हिशोब लावला तर तो जास्तीचा पैसा बहुतेक वेळा निघतो.

तुमचं सांगायचं तर दीड टक्का मीटरचा, दोन-चार टक्के नवीन नक्षीचे, एक टक्का हवेचा, उरलेलं रुंद साइज, मऊ कंपाउंड आणि अलॉयच्या वजनाचं, झाले तुमचे साडेनऊ टक्के. फक्त व्हील अलाइनमेंटचा रिपोर्ट तपासा, अलॉय टाकल्यावर केलं नसेल तर टो (चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन) चुकलेला असू शकतो आणि मग चाकं तिरकी घासत जातात. आता हवा ३३ करा, टो दुरुस्त करून घ्या, एक हजार किलोमीटर चालवा आणि मग एकाच पंपावर दोन वेळा टाकी फुल करून मोजा, डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. साडेसतराच्या आसपास आलं तर इंजेक्टरला हात लावू नका. त्यानंतरही सतराच्या खालीच राहिलं तर गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवून बघा, अलॉय बसवताना एखादा ब्रेक धरत असेल तर तिथेच कळेल.